पोतोसी: चांदीचा डोंगर आणि खोट्या नाण्याचं शहर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या जुन्या पेटीत चांदीचा एक वेडावाकडा तुकडा मिळाला. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला दोन खांब आणि काही अक्षरं. सराफ मोडीच्या भावाने घ्यायला तयार आहे, पण एका संग्राहकाने ‘हे पोतोसीचं नाणं दिसतंय, देऊ नका’ असं सांगितलं. तर हे पोतोसी कसलं शहर, तिथल्या चांदीने म्हणे जग चालत होतं ते कितपत खरं, आणि आज तिथे जाऊन बघण्याजोगं काही उरलं आहे का?

स्पॅनिश अमेरिकेची नाणी पारखणं हा माझा रोजचा उद्योग आहे, म्हणून शहरात टाकसाळीच्या दारातून शिरतो. आधी एक कळकळीची विनंती: तुकडा चिंच, लिंबू, रांगोळी असल्या कशानेही घासू नका. काळपट थर तसाच राहू द्या. घासून चकाकवलेल्या नाण्याची निम्मी किंमत तिथेच जाते.

आता नाणं उजेडात तिरकं धरा. दोन खांब म्हणजे हर्क्युलिसचे खांब, स्पेनच्या राजचिन्हातले, खाली समुद्राच्या लाटा. खांबांच्या मधल्या जागेत अक्षरांच्या तीन ओळी असतात. वरच्या ओळीत ‘पी’, मग ८, मग पारख्याचं, म्हणजे चांदीची शुद्धता तपासणाऱ्या टाकसाळीच्या अधिकाऱ्याचं आद्याक्षर. मधल्या ओळीत ‘प्लुस उल्त्रा’ (‘आणखी पुढे’) हे स्पेनचं ब्रीद, तीन तुकड्यांत तोडलेलं. खालच्या ओळीत पुन्हा पारख्याचं अक्षर, सालाचे शेवटचे दोन आकडे आणि पुन्हा ‘पी’. ‘पी’ म्हणजे पोतोसी, ८ म्हणजे आठ रेआल (रेआल हे स्पेनचं चलन). पारख्याचं अक्षर ‘ई’ असेल तर तो अंतोनियो दे एर्गेता, १६५१ ते १६७९ या काळात तिथल्या टाकसाळीचा पारखी. उलट्या बाजूला क्रूसाच्या चार कोनांत किल्ले आणि सिंह, आणि तिथेही तीच अक्षरं परत. एकच माहिती इतक्या वेळा का कोरली असेल? त्याचं कारण या शहराच्या स्वभावातच आहे, तिथे येतोच.

नाणं वेडंवाकडं आहे म्हणून घाबरू नका, ते तसंच असायचं. चांदीची पट्टी ओतायची, तिचे काप काढायचे, कात्रीने कोपरे छाटत वजन जुळवायचं आणि हातोड्याने छाप मारायची. हे अंगमेहनतीचं काम बऱ्याच अंशी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं जाई. आकाराशी कुणाला देणंघेणं नव्हतं. वजन सुमारे २७ ग्रॅम आणि शंभरात ९३ भाग शुद्ध चांदी एवढं भरलं की झालं. तुमचा तुकडा वजनात फारच कमी भरला, कडेला ओतकामाची शिवण दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले, तर तो नकली समजा. बाजारात ओतीव नकला भरपूर फिरतात. आणि ‘पणजोबांपासून घरात आहे’ या गोष्टीवर मी एकदम विश्वास ठेवत नाही. भारतात आलेली स्पॅनिश नाणी बहुतेक सगळी वितळली गेली. आज हाती लागतात त्यांतली पुष्कळशी बुडालेल्या जहाजांतून वर काढून लिलावात विकलेली असतात.

आता शहर. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंचावर, एका तांबूस शंकूसारख्या डोंगराच्या पायथ्याशी ते वसलं आहे. डोंगराचं नाव सेर्रो रिको, उंची सुमारे ४,८०० मीटर. झाड जवळपास नाही, धान्य नीट पिकत नाही, रात्री हाडं गोठतात. अशा जागी शहर वसवायचं कारण एकच, आणि ते डोंगराच्या पोटात होतं. १५४५ साली दिएगो वाल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाला तिथे चांदीची शीर सापडली. चुकलेल्या लामाच्या (उंटाच्या जातीचा, ओझं वाहणारा लोकरी प्राणी) मागे तो वर गेला, गवताचं ठोंब उपटलं आणि मुळाखाली चांदी चमकली, अशी कथा सांगतात. कथेची दुसरी-तिसरी रूपंही आहेत, पैकी कुठलंही छातीठोकपणे खरं म्हणता येणार नाही. जवळच्या पोर्को इथे इंका लोक, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीचे तिथले राज्यकर्ते, आधीपासून चांदी काढत होते, तेव्हा डोंगराळ भागातल्या माणसाला चांदीची शीर ओळखता येणं यात नवल काहीच नाही.

बहुतेक लेखांत पुढची गोष्ट अशी येते: डोंगर सापडला, शहर फुगलं, चांदी संपली, शहर बसलं. माझं याच्याशी पटत नाही. डोंगरातली सहज मिळणारी चांदी पहिल्या पंचवीस वर्षांतच संपत आली होती. त्या काळात खनिज वितळवण्याची कला स्थानिक लोकांच्याच हातात होती. डोंगराच्या उतारांवर मातीच्या छोट्या भट्ट्या मांडून, वाऱ्याच्या झोतावर, लामांचं शेण आणि रानगवत जाळून ते चांदी गाळत. रात्री डोंगरभर त्यांचे विस्तव दिसत असं जुन्या वर्णनांत आहे. पण ही पद्धत श्रीमंत खनिजालाच चालते. १५७० च्या आसपास हलक्या खनिजाचे ढीग साठले, भट्ट्या विझू लागल्या, माणसं निघून जाऊ लागली. पोतोसी तेव्हाच संपायचं.

ते संपलं नाही याचं कारण पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो. १५७२ पासून पुढच्या दोन-चार वर्षांत त्याने तीन गोष्टी जुळवल्या: पारा, पाणी आणि वेठ. माझ्या मते पोतोसीचा खरा जन्म १५४५ चा नाही, १५७२ चा आहे. टाकसाळीची स्थापनाही त्याच सालची, हा योगायोग नव्हे.

पारा पेरूमधल्या वांकावेलिकाच्या खाणीतून यायचा आणि त्यावर राजाची मक्तेदारी होती. खनिज कुटून पीठ करायचं, त्यात मीठ आणि पारा घालायचा, पाणी टाकून चिखल करायचा आणि तो दिवसेंदिवस पायांनी तुडवायचा. पारा चांदीला धरतो. मग धुवायचं, कापडातून पिळून जास्तीचा पारा काढायचा, उरलेला गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सच्छिद्र चांदी राहते. उडालेला पारा कुठे जायचा? तुडवणाऱ्यांच्या आणि भट्टीवाल्यांच्या फुप्फुसांत, शहराच्या मातीत, नाल्यात. हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ही मोठी सोय होती. पारा राजाकडूनच घ्यावा लागे, म्हणून कुणी किती पारा उचलला यावरून त्याने किती चांदी काढली असेल याचा अंदाज बांधता येई.

खनिजाचं पीठ करायला पाणचक्क्या हव्यात, आणि पाऊस वर्षातले काहीच महिने. म्हणून शहराच्या वरच्या अंगाला, कारी-कारीच्या डोंगररांगेत, धरणं बांधून तलाव केले. पुढे त्यांची संख्या २२ वर गेली आणि त्यांच्या पाण्यावर कालव्याच्या काठाने सुमारे १४० कुटाई-गिरण्या उभ्या राहिल्या. चार हजार मीटरच्या वर, सोळाव्या शतकात! अभियांत्रिकी म्हणून मला आजही टाकसाळीपेक्षा या तलावांचं जास्त कौतुक वाटतं. त्यांतलाच सान इल्देफोन्सो तलाव मार्च १६२६ मध्ये फुटला, आणि लोंढ्याने गिरण्यांची मोठी रांग आणि खालची वस्ती धुऊन नेली.

राहिली वेठ. तिथे तिला मिता म्हणत. इंकांच्या राज्यात गावाने आळीपाळीने सरकारी कामाला माणसं द्यायची पद्धत होती. तोलेदोने ती उचलून खाणमालकांच्या दावणीला बांधली. सोळा-सतरा प्रांतांनी मिळून दरसाल सुमारे १३,५०० पुरुष पाठवायचे. कुस्कोच्या बाजूची, तितिकाका सरोवराकाठची माणसं बायकामुलं, लामा, वाळवलेले बटाटे घेऊन आठवडेच्या आठवडे चालत यायची. कागदावर नियम सौम्य होता: एक आठवडा काम, दोन आठवडे मोकळे, रोजाची मजुरी. प्रत्यक्षात मजुरीत पोट भरत नसे, म्हणून मोकळ्या आठवड्यांतही त्याच खाणीत रोजंदारीवर उतरावं लागे. आत कातड्याच्या शिड्यांवरून, एका हाताच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर खनिजाचं गाठोडं घेऊन वर चढायचं. बाहेर आलं की घामाच्या अंगावर गोठवणारा वारा.

वेठ टाळायला लोक गाव सोडून पळत. परगावात उपरा म्हणून राहिलं तर नाव यादीतून सुटे. मग गावच्या मुखियाने माणसाऐवजी रोकड भरायची. ही रोकड घेऊन माणूस कामाला न लावता खिशात घालणारे गिरणीमालक निघाले; अशा कागदोपत्री मजुरांना तिथे चक्क ‘खिशातले इंडियन’ म्हणायचे (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी). खाण बंद पडली तरी तिच्या नावावरची वेठ चालू राहायची आणि मालक नुसता तिच्यावर जगायचा. ही पद्धत स्पेनच्या संसदेने १८१२ मध्ये रद्द केली, पण ती खऱ्या अर्थाने संपली स्पॅनिश सत्ता गेल्यावरच. सिमोन बोलिव्हार १८२५ च्या ऑक्टोबरात या डोंगराच्या माथ्यावर चढला होता.

इथे एक आकडा बाजूला ठेवतो. ‘या डोंगराने ऐंशी लाख माणसं खाल्ली’ असं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. त्याला कागदपत्रांचा आधार नाही, आणि खाणीत एकूण किती माणसं होती ते पाहता तो आकडा बसतही नाही. अत्याचार सांगायला फुगवलेला आकडा लागत नाही. वर दिलेली व्यवस्था पुरेशी आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराची वस्ती लाखाच्या बरीच वर गेली होती. १६११ च्या मोजणीचा १,६०,००० हा आकडा नेहमी दिला जातो. म्हणजे युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीचं गाव, आणि स्वतः पिकवत मात्र काहीच नाही. मका आणि गहू खालच्या दऱ्यांतून, चघळायची कोकाची पानं कुस्कोच्या उष्ण उतारांवरून, कापड कीतोहून, दारू पेरूच्या किनाऱ्याकडून, खेचरं आजच्या अर्जेंटिनातून. शिवाय चीनचं रेशीम. किंमती आकाशाला भिडलेल्या, जुगाराचे अड्डे, नाचगाणी, मिरवणुका, आणि रस्त्यात तलवारी. १६२२ ते १६२५ अशी तीन वर्षं बास्क स्पॅनिश आणि इतर स्पॅनिश यांच्यात गल्लीबोळांतून खुनाखुनी चालली होती. बास्क लोकांच्या हातात गिरण्या आणि नगरसभा, दुसऱ्यांच्या हातात काही नाही, हे त्यामागचं साधं कारण. दुसऱ्या गटाचे लोक विकुन्या नावाच्या प्राण्याच्या लोकरीच्या टोप्या घालत, म्हणून ते भांडणही विकुन्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पण पैसा फक्त गोऱ्यांच्याच हातात होता असं समजू नका. बाजारात कोका, मक्याची दारू आणि खनिजसुद्धा विकणाऱ्या स्थानिक बायका होत्या, त्यांतल्या काही चांगल्या सधन. अठराव्या शतकात ‘काक्चा’ म्हणवणारे लोक शनिवारी रात्री खाणीत शिरत, सोमवारपर्यंत हाती लागेल ते खनिज काढून स्वतःच्या छोट्या दगडी घाण्यांवर दळत. मालकांनी बोंब मारली, सरकारने धमकावलं, शेवटी सगळ्यांनी हे गृहीत धरलं. पुढे राजाच्या बँकेनेही त्यांची चांदी विकत घेतली.

आता तीच अक्षरं इतक्या वेळा का, त्याचं उत्तर. १६४० च्या दशकात पोतोसीच्या नाण्यांत तांबं वाढत गेलं. चांदीचे बडे व्यापारी, टाकसाळीचे अधिकारी आणि पारखी यांचं संगनमत होतं. युरोपच्या बाजारात पोतोसीचं नाणं म्हटलं की पारखी नाक मुरडू लागले, बट्टा लावू लागले, काही ठिकाणी घ्यायलाच नकार. स्पेनच्या राजाची सैन्यं आणि कर्जं या नाण्यांवर चालत होती, तेव्हा हे प्रकरण दाबणं शक्य नव्हतं. चौकशीसाठी फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन नावाचा धर्मगुरू-अधिकारी पाठवला गेला. त्याने बडा चांदीव्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा याला १६५० मध्ये गळा आवळून मृत्युदंड दिला. टाकसाळीचा पारखी फेलिपे रामिरेस दे आरेयानो यालाही मृत्युदंड झाला. हिणकस नाण्यांची किंमत उतरवली, बऱ्याच नाण्यांवर मुकुटाची जादा छाप मारली. रोचाने पुरलेली चांदी अजून कुठेतरी आहे असं पोतोसीतले लोक सांगतात. अशी दंतकथा नसती तरच नवल.

मग १६५२ मध्ये नवीन छाप आली, ती वर वर्णन केलेली खांब-लाटांची. जुन्या नाण्यापासून ती एका नजरेत वेगळी ओळखू यावी हा उद्देश. आणि नाणं कितीही वेडंवाकडं कापलं तरी गाव, पारखी आणि साल यांची निदान एक खूण शिल्लक राहावी, म्हणजे खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं, म्हणून सगळं परत परत कोरलं. मला तर ही छाप कलाकुसर वाटतच नाही. तो राजाने लिहून घेतलेला जामीन आहे.

चांदी भारतात कशी आली? पोतोसीहून लामा-खेचरांवर आरिका बंदर, तिथून जहाजाने कायाओ, पनामा, मग सेव्हिल. स्पेनमध्ये ती टिकत नसे. सावकार आणि व्यापाऱ्यांमार्फत ॲम्स्टरडॅम, लंडन, जिनोआला जाई. पुढे डच आणि इंग्रज कंपन्यांच्या पेट्यांतून सुरतेला, नाहीतर तुर्की मुलूख ओलांडून बसरा आणि मोखा बंदरांतून गुजराती व्यापाऱ्यांच्या हाती. पोर्तुगीजांमार्फत काही गोव्यालाही. शिवाय चोरटी वाट: ब्वेनोस आइरेसच्या बाजूनेही पुष्कळ चांदी गुपचूप बाहेर जाई. तिथल्या नदीला चांदीवरून पडलेलं नाव मात्र पोतोसी सापडण्याआधीचं आहे; पुढे देशालाही चांदीवरूनच नाव पडलं. मुघल मुलखात परकी नाणी चालत नसत. सराफ ती वजनावर घेत आणि टाकसाळीत पाठवत. आठ रेआलच्या एका नाण्यातून, खर्च वजा जाता, दोन-सव्वादोन रुपये पडत. एकदा वितळल्यावर चांदीला गाव राहत नाही. शाहजहानच्या रुपयात पोतोसी किती आणि मेक्सिको किती हे नुसत्या डोळ्यांनी कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्याकडून नाणं विकत घेऊ नये.

डॉलरच्या चिन्हाबद्दलही विचारलं जातं. १७६७ पासून पोतोसीच्या यंत्रावर पाडलेल्या गोल नाण्यांवर गावाच्या नावाची तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात आणि ती डॉलरच्या चिन्हासारखी दिसतात खरी. तिथले वाटाडे हे ठासून सांगतात. पेसो (आठ रेआलच्या नाण्याचं दुसरं नाव) या शब्दाचं व्यापाऱ्यांनी केलेलं झटपट लेखन हाच त्याचा उगम जास्त पटतो.

१५९२ च्या आसपास उत्पादनाचा कळस झाला, नंतर शंभरहून अधिक वर्षं उतार, १७१९ ची भयंकर साथ, अठराव्या शतकात पुन्हा थोडी उभारी. त्याच उभारीत १७५९ ते १७७३ दरम्यान आजची भव्य टाकसाळ बांधली गेली. विसाव्या शतकात चांदीची जागा कथलाने घेतली, १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या, १९८५ मध्ये कथलाचा भाव कोसळला आणि सरकारने अंग काढून घेतलं. तेव्हापासून डोंगर सहकारी गटांच्या ताब्यात आहे. हजारो माणसं आजही आत काम करतात, जस्त, शिसं, चांदी, कथील जे मिळेल ते काढतात, आणि पन्नाशीच्या आत धुळीने फुप्फुसं गमावतात. बोगद्यांत ‘तिओ’ची, म्हणजे खाणीच्या मालक-दैवताची, मातीची मूर्ती असते, शिंगं असलेली. तिच्या तोंडात सिगारेट, पुढ्यात कोकाची पानं, जमिनीवर दारूचे चार थेंब. डोंगराच्या बाहेर देव चर्चमधला, आत याचं राज्य.

युनेस्कोने शहर १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरवलं आणि २०१४ मध्ये धोक्यातल्या यादीत टाकलं, कारण डोंगराचा माथाच खचतो आहे. २०११ मध्ये तिथे मोठं भगदाड पडलं. माथ्याजवळ खोदू नका म्हणणं सोपं आहे, पण दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या गावात दुसरा मोठा धंदा कोणता, हे सांगणारा अजून कुणी भेटलेला नाही.

जाणार असाल तर टाकसाळीला अर्धा दिवस द्या. वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या दाबणारी प्रचंड लाकडी दातेरी चाकं आहेत, स्पेनहून आणलेली. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरत आणि आसावरून ताकद वर पोचे. तिथलं एक चित्र चुकवू नका: डोंगर म्हणजेच मेरीचा झगा, त्यावर खाणवाले आणि लामा, पायाशी पोप आणि सम्राट. सान लोरेन्सो चर्चच्या दगडी दरवाज्यावर चारांगो (गिटारसारखं छोटं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या जलपऱ्या आहेत, त्या कोरणारे हात स्थानिक कारागिरांचे.

खाणीतल्या सफरींबद्दल माझं मत बरं नाही. दम्याचा त्रास असलेल्याने तर आत जाऊच नये. गेलातच, तर कामकऱ्यांसाठी कोकाची पानं आणि सरबताच्या बाटल्या न्या, सुरुंग फोडून दाखवण्याचा खेळ करणाऱ्याबरोबर जाऊ नका. आणि थेट पोतोसीत उतरू नका. आधी जवळच्या सुक्रे शहरात दोन दिवस काढा, ते सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथून पोतोसी रस्त्याने तीन-साडेतीन तास. पहिल्या रात्री हलकं जेवा, दारू टाळा, आणि उतारावरच्या गल्ल्या सावकाश चढा.